पाच वर्षं भरली नाहीत, तरी भरपाई मिळते

कारखाना दुसरीकडे हलणार असं कळलं की गेटवर एक वाक्य हमखास फिरू लागतं : "ज्यांची पाच वर्षं भरली नाहीत, त्यांना काही मिळणार नाही." एचआरवाले ते ठामपणे सांगतात, जुने कामगार मान डोलावतात, आणि दीड-दोन वर्षं नोकरी झालेली मुलं शेवटचा पगार घेऊन मुकाट घरी जातात. हे वाक्य साफ चुकीचं आहे, आणि त्यापायी लोकांचा हक्काचा पैसा बुडतो.

पाच वर्षांची अट आहे ती ग्रॅच्युइटीला. ती १९७२च्या कायद्याने आली. नोकरी काढून घेतल्याची भरपाई ही वेगळी रक्कम. तिची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्येच झाली आणि तिथे अट आहे एका वर्षाच्या सलग सेवेची. हे वर्षही कॅलेंडरचं नव्हे. आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की कायद्याच्या लेखी वर्ष झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हा आकडा तोच आहे.

इथेही हजेरीपट पुढे करून "तुमचे २४० भरत नाहीत" असं सांगितलं जातं. तेव्हा रविवार धरले का, हे आधी विचारावं. पगारी सुट्ट्या आणि साप्ताहिक सुट्ट्या या मोजणीत धरायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या खटल्यात १९८५ मध्येच सांगितलं आहे. म्हणजे आठ-नऊ महिने नियमित कामावर आलेला माणूसही यात बसू शकतो. त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. वरचे महिने सहाहून जास्त असतील तर तेही पूर्ण वर्ष धरतात. एक वर्ष सात महिने झालेल्याला दोन वर्षांची, म्हणजे तीस दिवसांची भरपाई.

"पण कंपनी बंद कुठे झाली? ती तर फक्त हलली," हा पुढचा युक्तिवाद. कायद्यात 'बंद करणं' म्हणजे कामाचं ठिकाण, किंवा त्याचा भाग, कायमचा बंद करणं. कंपनी दुसऱ्या राज्यात जोरात चालू असली तरी इथली शेड कायमची बंद झाली, तर इथल्या कामगारापुरतं ते बंदच.

या हक्कामागे महाराष्ट्रातलीच एक लढाई आहे. बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ला सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा कंपनीने कामगारांची सेवा संपवली. भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २७ नोव्हेंबर १९५६ला कामगार हरले : धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला, तर ती कामगारकपात नव्हे, असा निकाल लागला. ही फट बुजवायला १९५७ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि तो निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, २८ नोव्हेंबर १९५६ पासून लागू धरला गेला. जागेचा भाडेकरार संपला, तोटा झाला, ही कारणं देऊन भरपाई कमी करता येणार नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे. तरी भाडेकराराचं कारण आजही सांगितलं जातं.

"नव्या जागी चला, नाहीतर काही नाही" ही धमकी नेमणूकपत्र वाचून तपासावी. बदलीची अट तिथे किंवा स्थायी आदेशात असेल तर नकार महागात पडू शकतो. नसेल तर गोष्ट वेगळी. अमरोह्याच्या कुंदन शुगर मिल्सने कामगारांना मालकांच्या बुलंदशहरातल्या नव्या गिरणीत पाठवायचं ठरवलं. ते गेले नाहीत, म्हणून त्यांना काढलं. नोकरी धरली तेव्हा जो कारखाना अस्तित्वातच नव्हता, तिथे अट नसताना पाठवण्याचा अधिकार मालकाला आपोआप मिळत नाही, असा निकाल १९६०ला लागला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पीएफ मिळाला म्हणजे भरपाई मिळाली, असं नाही. पीएफ हा कामगाराचा स्वतःचा साठा. भरपाई फक्त मशीनवरच्यांना, हेही खोटं. कारकून आणि तंत्रज्ञही कामगारच, मॅनेजर मात्र नाहीत. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अटही आता सरसकट नाही. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला नव्या संहितेनुसार एका वर्षानंतर ती मिळते.

राजीनाम्याचं मात्र नीट समजून घ्यावं. हिशेबाच्या कागदांत "स्वेच्छेने नोकरी सोडत आहे" असं पत्र सहीसाठी ठेवलेलं असतं. त्यावर सही झाली की कपात झालीच नाही असं म्हणायला मालक मोकळा होतो, आणि सही दबावाखाली घेतली हे कामगाराला सिद्ध करत बसावं लागतं.