पोरवयांतील व्यसन आणि फळीवरचें विष

फवारणीचीं औषधें कोठें ठेवावीं, हा प्रश्न शेतकरी पिकाच्या व जनावरांच्या दृष्टीनें नेहमींच पाहतो. आज तो आम्हांस घरांतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनें वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

मुलगा वरातींतून चोरून दारू पिऊन आला, तर आपण वयाचा दोष म्हणून सोडून देतों, अगर दोन थोबाडींत देऊन मोकळे होतों. परंतु या वयांतील नशा आणि आत्मघात यांचा संबंध निकटचा असल्याचें वैद्यांस अनेक देशांत आढळून आलें आहे. नशा करणारी बहुतेक मुलें त्या थरास जात नाहींत, हें खरें. तरी धोका वाढतो. आधींच खिन्न असलेला मुलगा दुःखावर उतारा म्हणून पितो; घटकाभर बरें वाटतें, पुढें झोप बिघडते, शाळा बुडते, घरांत खटके उडतात, आणि खिन्नता दुणावते. ही झाली संथ वाट. दुसरी वाट जलद आहे. रागाच्या भरांत मनुष्यास आवरतो तो विवेक, आणि दारूचा पहिला घाला पडतो तो विवेकावरच. मेंदूचा हा आवर घालणारा भाग विशीनंतरही कांहीं वर्षें वाढतच असतो. दारूखेरीज इतर नशाही आहेत. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणींत हुंगण्याच्या नशेचें प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के निघालें.

आतां शेतकऱ्याच्या घराकडे वळूं. हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीं आम्हीं आमचाच गोठा पाहिला, तों तीन अर्धवट डबे उघड्या फळीवर सांपडले. एक तर गेल्या हंगामाच्याही आधींचा! रागाची घटका आणि असा डबा यांची गांठ पडूं न देणें, हें आपल्या हातीं आहे. श्रीलंकेनें १९९५ पासून अति विषारी कीटकनाशकें टप्प्याटप्प्यानें बंद केलीं. पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण सुमारें सत्तर टक्क्यांनीं उतरलें. माणसांचीं दुःखें कांहीं तेवढ्यानें संपलीं नव्हतीं. पण ती घटका टळली म्हणजे बहुतेकांचें मन पालटतें.

म्हणून औषध लागेल तेवढेंच आणावें व कुलपांत ठेवावें. किल्ली घरांतील न पिणाऱ्या माणसाजवळ असावी. हें कित्येकांस झोंबेल, त्यास आमचा इलाज नाहीं. मुलाशीं बोलणें तें सकाळीं, नशा उतरल्यावर. "मी नसतों तर बरें" असें तो म्हणाला, तर जीव देण्याचा विचार मनांत येतो काय, हें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत भरत नाहीं. नशेंत असें बोलणाऱ्यास क्षणभरही एकटें सोडूं नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथें रात्रंदिवस मराठींतही बोलतां येतें.

दुर्दैवानें कोणीं विष घेतलेंच, तर पोलिसांच्या भयानें लपवीत बसूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा माणसास शिक्षेऐवजीं उपचाराचा हक्क दिला आहे. घरगुती उपाय करूं नयेत, ओकारी काढूं नये. तडक दवाखाना गांठावा, आणि डबा चिठ्ठीसकट सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांस विष ओळखण्यांत वेळ दवडावा लागणार नाहीं.