तिहेरी गाढव म्हणणारे प्राध्यापक

शाळेच्या वेळापत्रकात पीटीचा तास सगळ्यांत गरीब. परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई तो हक्काने मागून घेतात आणि पीटीचे सर मुकाट्याने देऊन टाकतात. खेळ शिकवणारा माणूस शिक्षकच, पण जरा खालच्या पंगतीतला, हा समज आपल्यात मुरलेला आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मात्र १८९२ सालीच अशा माणसाला वरच्या पंगतीत पाट मांडला होता.

शिकागो विद्यापीठ तेव्हा नुकते उघडत होते. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित. त्यांनी येल विद्यापीठातल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला खेळांचा प्रमुख म्हणून बोलावले, तेही सहयोगी प्राध्यापकाच्या कायम पदावर. त्याचे नाव ॲमॉस अलॉन्झो स्टॅग, वय तीस. त्या काळी महाविद्यालयाचा संघ बहुधा विद्यार्थी कर्णधारच चालवी. फार तर एखादा जुना खेळाडू हंगामापुरता मदतीला येई. प्रशिक्षण हा जन्मभराचा पेशा असू शकतो, ही कल्पनाच नवी होती.

स्टॅग यांचा जन्म १८६२चा, न्यू जर्सीतल्या एका चांभाराच्या घरातला. येलला गेले ते धर्मोपदेशक व्हायला. तिथे बेसबॉलचे गोलंदाज म्हणून इतके गाजले की व्यावसायिक संघांची बोलावणी आली. पैशासाठी खेळायचे नाही म्हणून त्यांनी ती नाकारली. पुढे लक्षात आले की व्यासपीठावर आपली जीभ अडखळते. मग प्रवचन मैदानावरच करायचे ठरवून ते स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत गेले. तिथले त्यांचे सहकारी जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉल जन्माला घातला. मार्च १८९२ मध्ये या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला, तेव्हा विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरवले. शिक्षकांचा तो एकुलता गोल स्टॅग यांचा!

शिकागोत त्यांनी हाती घेतला तो अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडू काखोटीला मारून समोरच्या भिंतीतून घुसायचा खेळ. पहिल्या हंगामात खेळाडू कमी पडले, तेव्हा प्राध्यापक महाशय स्वतःच उतरले. प्रतिस्पर्ध्याला पाडायचा सराव माणसाऐवजी टांगलेल्या गादीवर करायची युक्ती त्यांनी येललाच काढली होती. दारू नाही, तंबाखू नाही, तोंडात शिवी नाही. खेळाडूवर फारच चिडले तर ‘गाढव’ म्हणत. चूक मोठी असेल तर ‘दुहेरी गाढव’, आणि अक्षम्य असेल तर ‘तिहेरी’.

पण या सोवळ्याची दुसरी बाजूही आहे. नव्या विद्यापीठाला नाव हवे होते आणि फुटबॉलइतक्या झटपट ते कोण देणार? तिकिटे खपू लागली, प्रेक्षागारे वाढली, स्टॅग यांचा विभाग बराचसा स्वतंत्र संस्थानासारखा चालू लागला. १९०५ मध्ये शिकागोने बलाढ्य मिशिगनला २-० असे हरवले. त्याच वर्षी खेळातले मृत्यू इतके गाजत होते की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यात लक्ष घालावे लागले. पुढच्या वर्षी चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि धक्काबुक्कीच्या खेळात डावपेचांना जागा झाली. नियम ठरवणाऱ्या समितीत स्टॅग होतेच. आज अमेरिकी विद्यापीठांत प्रशिक्षकाचा पगार कुलगुरूंनाही मागे टाकतो. त्या वाटेवरचे पहिले दगड पैशाचा तिटकारा असलेल्या या माणसानेच बसवले.

शिकागोत त्यांनी ४१ हंगाम काढले. मग पाट मांडणाऱ्यांनीच तो उचलला. प्राध्यापक सत्तराव्या वर्षी निवृत्त होतात, हा विद्यापीठाचा नियम १९३२ मध्ये नवे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी त्यांनाही लावला. विद्यापीठाने दुसरे काम देऊ केले होते, पण मैदान सोडणे स्टॅग यांना मंजूर नव्हते. ते कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहान महाविद्यालयात गेले. १९३८ मध्ये हाच संघ घेऊन ते शिकागोला परतले आणि स्वतःचेच नाव दिलेल्या स्टॅग फील्डवर त्यांनी जुन्या विद्यापीठाला ३२-० असे लोळवले. पुढच्याच वर्षी शिकागोने मोठ्या स्पर्धांतला फुटबॉल बंद केला. ओस पडलेल्या त्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली.

आणि १९४३ मध्ये देशभरच्या प्रशिक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक निवडला, तो ८१ वर्षांचा होता. नव्वदी उलटल्यावरही स्टॅग मैदानावर दिसत. १९६५ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी, ते गेले. नियमाने प्राध्यापक सत्तरीला निवृत्त झाला होता. पीटीच्या सरांचा तास मात्र त्यानंतरही बरीच वर्षे चालला, आणि तो मागून घ्यायची कुणाची छाती झाली नाही.