तळोज्यातील शाळांची परसबाग

परसबाग म्हटली की प्रथम बियाण्याचा विचार मनात येतो. तळोज्यात मात्र आरंभ माती व पाणी यांपासून करावा लागतो. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने कासाडी नदी दूषित झाल्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले होते, हे शिक्षकबंधुभगिनींस ठाऊक असेलच. मातीत शिसे, कॅडमियम असे धातू असल्यास ते फळभाज्यांपेक्षा पालेभाज्यांत सामान्यतः अधिक साठतात. शिजविल्याने ते नष्ट होत नाहीत. ही भाजी मुलांच्या ताटात जावयाची आहे. तेव्हा नदीनाल्याचे पाणी बागेस मुळीच घालू नये. नळाचे अथवा तांदूळ धुतलेले पाणी चालेल. भरावाच्या जमिनीत वाफे न करता खात्रीची माती व कुजलेले शेणखत भरलेल्या गोण्या घ्याव्यात. पालेभाजीस वीतभर खोल माती पुरते.

दोडका, पडवळ मृगाच्या सुमारास लावून मांडवावर चढवावेत.

या वस्तीत आगरी व कोकणी मुसलमान कुटुंबांच्या शेजारी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार राहतात. आपला माठ हिंदी भाषकांची चौलाई, शेवगा त्यांचा सहजन. आपली मायाळू ओडिया घरात पोई. या नावांचा तक्ता मुलांकडूनच करवून घ्यावा. भाषेचा असा पाठ पुस्तकात सापडावयाचा नाही! बियाणेही घरोघरून मागवावे. मायाळूची काडी, शेवग्याची फांदी सहज रुजते.

खरी अडचण मे महिन्याची. सुटी लागण्यापूर्वीच पालकसभेत पाणी घालण्याच्या पाळ्या ठरवून फळ्यावर लिहाव्यात.