गरिहामि : घरातलाच एक विसरलेला शब्द

प्रतिक्रमणाच्या पाठात ‘निंदामि’ आणि ‘वोसिरामि’ यांच्या मध्ये ‘गरिहामि’ हे क्रियापद येते. दिगंबर पाठात तेच ‘गरहामि’ असे उच्चारले जाते. अर्थ विचारला तर बहुधा ‘निंदा करतो’ एवढेच उत्तर मिळते. मग एकाच अर्थाचे दोन शब्द लागोपाठ कशासाठी, असे पाठशाळेतील एखाद्या चौकस मुलाने विचारले, की मोठ्यांची पंचाईत होते.

शब्द फार जुना आहे. संस्कृतातील ‘गर्ह्’ या धातूचा अर्थ दोष देणे, धिक्कारणे, खडसावणे. प्राकृत बोलणाऱ्यांना र आणि ह यांचे जोडाक्षर जड वाटले असावे. त्यांनी मध्ये स्वर घातला आणि ‘गर्ह्’चे ‘गरिह’, ‘गरह’ झाले. ‘अर्हत्’चे ‘अरिहंत’ झाले तेही याच रीतीने. पालीतही ‘गरहति’ आहे. मराठीत मात्र हे क्रियापद राहिले नाही. ‘गर्ह्य’, ‘गर्हणीय’ ही विशेषणे तेवढी ग्रांथिक भाषेत उरली.

हा धातू ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातही भेटतो. तेथे ऋषी अग्नीला विचारतो, की वरुणाजवळ तू आमच्याविषयी कसली तक्रार करतोस, आमचा अपराध तरी कोणता? म्हणजे दोष देणारा आणि दोषी यांच्याखेरीज ऐकणाराही येथे आहेच.

आवश्यकसूत्राच्या टीकाकारांनी दोन क्रियापदांतील भेद नेमका याच ठिकाणी दाखविला आहे. स्वतःच्याच साक्षीने आपल्या दोषाचा खेद करणे ही निंदा; तोच दोष गुरूंच्या साक्षीने उघड करून धिक्कारणे ही गर्हा. निंदा एकांतात होऊ शकते. गर्हेला कोणाच्या तरी नजरेला नजर द्यावी लागते, म्हणून ती अधिक अवघड. स्थानांगसूत्र गर्हेचे दोन प्रकार सांगते : कोणी मनाने गर्हा करतो, तर कोणी वाचेने. वाचेने करणारा किती मनापासून करतो, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

आता गंमत अशी, की हा शब्द मराठीतून गेला असे आपण म्हणतो आणि रोज वापरतोही. ‘गाऱ्हाणे’ हे ‘गर्हणा’चेच वंशज. गवळणी यशोदेकडे कान्ह्याची गाऱ्हाणी नेतात. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते आणि जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. तेथे तर तक्रारीची प्रार्थनाच झाली आहे. ऐकणारा सर्वत्र टिकून आहे. बदलला तो आरोपी. गाऱ्हाणे बहुधा दुसऱ्याचे असते : सुनेचे, सासूचे, भावाचे, शेजाऱ्याचे. सूत्रातील क्रियापद मात्र प्रथमपुरुषी आहे, आणि दोषही बोलणाऱ्याचाच.

संवत्सरीला किंवा क्षमावाणीला आपण घरोघर क्षमा मागतो. तेव्हा ‘तुमचे मन दुखावले असेल तर’ असे म्हणतो. त्या ‘तर’मध्ये निंदाही नसते आणि गर्हाही नसते. ‘त्या दिवशी मी तुम्हाला टाकून बोललो’ असे समोर बसून म्हणणे, हे ‘गरिहामि’चे सरळ मराठी भाषांतर होय.