स्वस्तातला रेड डॉट घेताना

बंदुकीवर नेम धरायला लावतात त्या रेड डॉट साईटमध्ये लेसर नसतो. आतल्या छोट्या एलईडीचा प्रकाश लेपन केलेल्या काचेवर पडतो आणि ठिपका फक्त नेमबाजाला दिसतो. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये असे इलेक्ट्रॉनिक साईट बाजारात आणले. आज एअरगनसाठी स्वस्त पर्याय भरपूर आहेत, पण त्यातले बरेच बॉक्सवरच्या चित्राच्या जोरावर विकले जातात!

पहिल्यांदा ठिपक्याचा आकार पाहा. तो एमओएमध्ये, म्हणजे कोनाच्या मिनिटांत मोजतात. १ एमओए म्हणजे १० मीटरवर सुमारे ३ मिलिमीटर. म्हणजे ६ एमओएचा ठिपका १० मीटरवर जवळपास १७ मिलिमीटर जागा झाकतो, आणि एअर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग असतो जेमतेम ३०.५ मिलिमीटर. कागदावर नेम धरायचा तर २-३ एमओए बरा. डबे पाडायला मोठाही चालेल.

स्प्रिंगच्या एअर रायफलचा झटका मागे आणि पुढे असा दुहेरी बसतो. त्यात स्वस्त साईट खिळखिळे होते, म्हणून स्प्रिंग एअरगनसाठी चालेल असे स्पष्ट लिहिलेलेच घ्या. एअरगनवर बहुधा ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, तिथे रुंद पिकाटिनी पट्टीसाठीचे माउंट बसत नाही. बॅटरी सीआर२०३२ असली तर कुठेही मिळते.

ठिपका विस्कटलेला दिसतो? मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. तिथे गोल दिसला तर दोष बहुधा डोळ्यातल्या अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा. आणि हो, ऑलिंपिकच्या १० मीटर रायफल-पिस्तूल प्रकारांत रेड डॉट चालत नाही.