हातात रापी घ्या, चामडे आपोआप कळेल

चामड्याचा धंदा करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण चामडे हाताने शिवणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. बाप आरी धरून बसत असे, मुलगा गल्ल्यावर बसतो आणि नातू मोबाइलवर माल मागवतो. धंदा वाढला ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु माल ओळखण्याची नजर हातातून येते, गल्ल्यावरून नाही. म्हणून आठवड्यातून दोन तास चामडेकामाचा छंद व्यापारी बांधवांनी आणि त्यांच्या मुलामुलींनी लावून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

या कसबाची किंमत जगाला कळते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमधील फॅशन शोमध्ये तशीच चप्पल मांडली. ओरड झाल्यावर तिची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कंपनीने मान्य केले. आपल्या हुन्नराची ओळख दुसऱ्याने करून द्यावी लागली, हे काही भूषणावह नाही.

सुरुवातीला फार खर्च नको. कापायला रापी, भोकाला आरी, समान अंतरावर भोके पाडणारा दातेरी पंच, लाकडी मोगरी, पोलादी पट्टी, दोन बोथट सुया आणि मेण लावलेला जाड धागा एवढ्यावर काम भागते. खाली लाकडी फळी घ्यावी. रापी मात्र रोज परजावी. बोथट रापीला जोर लावावा लागतो, ती घसरते आणि बोट कापते.

आता माल. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले चामडे कडक असते, ठसा धरते आणि घासल्यावर त्याच्या कडा चमकतात. क्रोमने कमावलेले चामडे मऊ व रंगीत असते. पिशव्या, जॅकेटांना ते चांगले, पण त्याची कड तशी चमकत नाही. रंग न दिलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. वनस्पतींनी कमावलेले असेल तर थेंब मुरतो आणि जागा गडद होते. मागची बाजू कापडाची दिसली तर ते रेक्झिन समजावे. अस्तराकडेही लक्ष द्यावे. डुकराच्या कातड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या घोळक्याने दिसतात. आपले गिऱ्हाईक हे विचारते, तेव्हा दुकानदाराला उत्तर ठाऊक हवे.

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि चामड्याच्या बाजाराला मोठा फटका बसला. म्हैस, शेळी व मेंढी यांच्या चामड्यावर उत्तम काम करता येते. खरेदी लहान असली तरी माल कशाचा आहे ते बिलावर लिहून घ्यावे आणि बिल जपून ठेवावे.

पहिले काम म्हणून कार्ड ठेवण्याचे पाकीट करावे. आमचे पहिले पाकीट फसले होते. तीन मिलिमीटरचे जाड चामडे घेतले आणि कप्पा बरोबर कार्डाएवढा कापला. शिवण घातल्यावर कार्ड आतच जाईना! तेव्हा माप नीट घ्यावे. बँकेचे कार्ड सुमारे ८६ मिलिमीटर लांब व ५४ मिलिमीटर रुंद असते. एक-सव्वा मिलिमीटर जाडीचे, १०२ बाय ६५ मिलिमीटरचे दोन तुकडे कापावेत. एका लांब कडेला मधोमध अंगठ्यासाठी अर्धगोल काप द्यावा आणि ती बाजू उघडी ठेवावी. बाकीच्या तीन बाजूंना कडेपासून चार मिलिमीटर आत रेघ मारून भोके पाडावीत.

शिवण दोन सुयांची घालावी. एकाच धाग्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवायची आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. मशीनच्या शिवणीचा एक टाका तुटला की शेजारचे सैल पडत जातात. या शिवणीत दुसरा धागा धरून ठेवतो. धागा शिवणीच्या चौपट घ्यावा, म्हणजे या पाकिटाला सुमारे ९० सेंटिमीटर. शेवटी कडा किंचित ओल्या करून जाड कापडाने घासाव्यात व मेण लावावे.

हात बसला की किल्लीचा पट्टा, चष्म्याचे घर आणि मग कमरेचा पट्टा करावा. पट्ट्याला मात्र तीन ते चार मिलिमीटर जाडीच लागते.

यातून लगेच कमाई होईल, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याने दहा पाकिटे स्वतः शिवली, त्याला रेक्झिन चामडे म्हणून कोणी विकू शकत नाही, आणि कारागिराची मजुरी पाडताना त्याची जीभ अडखळते. धंद्याला या दोन्ही गोष्टींची गरज आहे. घरात जुनी रापी पडली असेल तर आजच शोधून काढा. आणि ती चालवलेले वडीलधारे हयात असतील, तर पहिला धडा त्यांच्याकडूनच घ्या.