तिरपा टंक आणि देवनागरी : भौमितिक अक्षरवळणाच्या संदर्भात

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बोलींवरील प्रबंध संगणकावर जुळवताना एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. ‘झील’, ‘चेडू’ यांसारखे बोलीशब्द प्रमाण मराठीच्या मजकुरातून वेगळे कसे दाखवावेत? इंग्रजी ग्रंथांचा संकेत अनुसरून ते तिरप्या टंकात घालण्याकडे अनेकांचा कल असतो. त्याची योग्यायोग्यता अक्षररचनेच्या अंगाने तपासणे आवश्यक आहे.

रोमन लिपीतील तिरपा टंक हस्ताक्षरातून आला. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य त्याच टंकात छापले. सरळ टंकाचा सोबती ही त्याची भूमिका नंतरची. मराठीतही बाळबोध आणि मोडी अशी दोन वळणे नांदत होती. विल्यम केरीच्या १८१० च्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे वापरले गेले. तथापि ग्रंथलेखन बाळबोधीत आणि पत्रव्यवहार, हिशेब मोडीत, अशी कामाची विभागणी असल्याने एकाच ओळीत दोन वळणे योजून भेद दर्शविण्याचा संकेत रूढ झाला नाही. देवनागरीतील तिरपा टंक हा या अर्थाने उसना आहे.

भौमितिक टंकात हा उसनेपणा अधिक जाणवतो. पॉल रेनर यांच्या ‘फ्यूचुरा’ (१९२७) या टंकात अक्षरे वर्तुळ, त्रिकोण व सरळ रेषा यांवर आधारलेली आहेत. रेषांची जाडी जवळजवळ सारखी असून त्यांच्या टोकांना आडवे फाटे नाहीत. त्याचा तिरपा अवतार म्हणजे सरळ अक्षरच कललेले. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘पॉपिन्स’ने (२०१४) ही दृष्टी देवनागरीत आणली. बोरूच्या तिरक्या कापातून येणारा जाड-बारीकपणा येथे बहुतांशी लोपतो.

असे अक्षर यंत्राने कलवले, की शिरोरेषा आडवीच राहते, पण काना उजवीकडे झुकतो. ‘व’, ‘ब’ यांतील गोलाई लंबवर्तुळाकार होऊन तिची जाडी असमान होते. रफार, वेलांटी व अनुस्वार सर्वांत वर असल्याने पुढील अक्षराच्या हद्दीत सरकतात; तळरेषेखालील उकार मागे ढळतो. कुशल रचनाकार प्रत्येक अक्षरात या दुरुस्त्या करतो. संगणक मात्र टंकाला तिरपा अवतार नसला, तरी सरळ अक्षर नुसते कलवून देतो.

भर देण्यासाठी मराठीला तिरप्या टंकाची गरज नाही. ‘त्यानेच पुस्तक वाचले’ आणि ‘त्याने पुस्तकच वाचले’ यांतील भेद ‘च’ने पुरेसा स्पष्ट होतो. ग्रंथनामासाठी एकेरी अवतरणचिन्ह पुरते. परंतु बोलीशब्द ओळीओळीत येऊ लागले, की अवतरणांची गर्दी वाचनात अडथळा आणते. तेथे तिरपा टंक जरूर वापरावा. मात्र तो स्वतंत्रपणे रेखाटलेला असावा आणि त्यातील स्वरचिन्हे मुद्रिताच्या आकारात तपासून घ्यावीत. कारण बोलीच्या नोंदीत अनुस्वाराचा एक ठिपका जरी शेजारच्या अक्षरावर गेला, तरी पुरावाच बदलतो.